रेषा छापील, रंग आपले

शॉपिंगच्या कुठल्याही अ‍ॅपवर ‘मंडला कलरिंग बुक’ असं टाकून बघा. अंगठा दुखेपर्यंत स्क्रोल केलं तरी यादी संपत नाही. ‘मोठ्यांसाठी’, ‘ताण घालवणारं’, ‘सोपं’, ‘अगदीच सोपं’, ‘ठळक रेषांचं’. मुखपृष्ठं आपापसांत बदलली तरी कळणार नाही इतकी सारखी: मधे एक गोल फूल, त्याभोवती पाकळ्यांच्या रांगा आणि कोपऱ्यात मनःशांतीचं आश्वासन. खाली ‘यासोबत हेही घ्या’ म्हणून रंगपेन्सिली, ब्रशपेनं, जेलपेनं. चोवीस घ्या, अठ्ठेचाळीस घ्या, एकशेवीस घ्या.

मी सॉफ्टवेअर लिहिते. आमच्या कामात एक प्रश्न रोज समोर येतो: वापरणाऱ्यासाठी काय आधीच ठरवून टाकायचं आणि काय त्याच्यावर सोडायचं? सगळं त्याच्यावर सोडलं तर तो भांबावतो. सगळं आपणच ठरवलं तर त्याला काही करायलाच उरत नाही. रंगवायच्या पुस्तकांचा इतिहास वाचायला लागले तेव्हा तिथेही हाच प्रश्न दिसला. अडीचशेहून जास्त वर्षं ही पुस्तकं एकच गोष्ट करत आली आहेत: काही छापायचं, काही कोरं ठेवायचं. काय छापायचं आणि काय कोरं ठेवायचं, हे मात्र दर पिढीत बदललं. आज ‘सोपं’ पुस्तक निवडताना आपणही नेमकं हेच निवडत असतो. म्हणून आधी इतिहास, मग खरेदी.

आधी मोठ्यांचं, मग मुलांचं

मुलांचा खेळ मोठ्यांनी पळवला, असं या पुस्तकांबद्दल बोललं जातं. घडलं ते जवळजवळ उलट. १७६०च्या सुमारास लंडनमध्ये रॉबर्ट सेयर या प्रकाशकानं ‘द फ्लोरिस्ट’ नावाचं पुस्तक काढलं. त्यात साठ पानं फुलांची होती आणि फुलं बागेत ज्या क्रमानं उमलतात त्याच क्रमानं ती लावलेली होती. चित्रं नुसत्या रेषांची. कुठल्या फुलाचा रंग कसा, हे शब्दांत सांगितलेलं आणि रंगवायचं वाचणाऱ्यानं. हे पुस्तक चित्रकलेची आवड असलेल्या सभ्य स्त्रीपुरुषांसाठी आहे, असं शीर्षकपानावरच म्हटलं होतं. रंगवायच्या पुस्तकांच्या पूर्वजांत याचं नाव अगदी सुरुवातीला घेतलं जातं आणि ते मुलांसाठी नव्हतं.

ते सोपंही नव्हतं. रेषा छापून मिळत होत्या, पण रंग जुळवायचे स्वतःच. त्या काळात रंग वापरायचा म्हणजे पूड खलायची, गोंदाच्या पाण्यात कालवायची, हा सगळा खटाटोप आला. पाण्यात ओला कुंचला फिरवला की रंग सुटतो अशी जलरंगाची वडी लंडनच्या रीव्ह्ज बंधूंनी बनवली आणि त्याबद्दल १७८१ साली तिथल्या सोसायटी ऑफ आर्ट्सनं त्यांना गौरवलं. शाळेच्या दप्तरातली आपली वड्यांची रंगपेटी याच घराण्यातली.

मुलांची पुस्तकं आली त्यानंतर शंभरेक वर्षांनी. १८८०च्या आसपास न्यूयॉर्कच्या मॅक्लॉफ्लिन ब्रदर्स या प्रकाशकांनी ‘लिटल फोक्स पेंटिंग बुक’ काढलं. तेही कुंचल्यानं रंगवायचं होतं. १९०३ साली बिनी अँड स्मिथ या अमेरिकन कंपनीनं क्रेयोला खडूंची पेटी आणली: आठ रंग, किंमत पाच सेंट. आता पाणी नको, कुंचला नको, सांडण्याची भीती नको. रंगवणं स्वस्त आणि सोपं झालं आणि ते पोरांचं काम ठरून गेलं. पुढची साठेक वर्षं मोठ्या माणसानं रंगवायचं पुस्तक हातात धरलं, तर ते शेजारी बसलेल्या मुलासाठी.

ऑफिसची खिल्ली

मोठ्यांचं रंगवायचं पुस्तक परत आलं ते १९६१ साली अमेरिकेत, आणि विश्रांती म्हणून नाही, टिंगल म्हणून. मार्सी हॅन्स, डेनिस आल्टमन आणि मार्टिन कोहेन या तिघांनी ‘द एक्झिक्युटिव्ह कलरिंग बुक’ काढलं. त्यात एका कंपनीतल्या साहेबाचा दिवस आहे. सकाळी तो तयार होतो, गाडी पकडतो, ऑफिसात महत्त्वाचा दिसतो. प्रत्येक चित्राखाली पहिलीच्या पुस्तकात असतात तशी छोटी छोटी वाक्यं आणि काय कुठल्या रंगात रंगवायचं याचा हुकूम. सूटला करड्याशिवाय दुसरा रंग चालत नाही. एका पानावर गोळीसुद्धा आहे, कशाचंच काही वाटू नये म्हणून साहेब घेतो ती. या पुस्तकात रंगवणाऱ्याला एकही निर्णय उरलेला नाही आणि विनोद नेमका तोच आहे: या माणसाच्या आयुष्यातही उरलेला नाही.

ते पुस्तक तुफान खपलं. १९६२ साली राष्ट्राध्यक्ष केनेडींवरचं ‘जेएफके कलरिंग बुक’ आलं, मॉर्ट ड्रकर या व्यंगचित्रकाराच्या चित्रांसह. मग अशा पुस्तकांची लाटच आली.

लॅपटॉपवर नोकरी करणाऱ्या आपल्यासारख्यांनी या साहेबाची आठवण ठेवावी असं मला वाटतं. १९६१ साली रंगवायचं पुस्तक ऑफिसातल्या माणसाला हसत होतं. पन्नासेक वर्षांनी तेच पुस्तक त्याच माणसाला गोळीऐवजी विकलं जाऊ लागलं. मधे काय घडलं? मधे मंडल आलं.

युंगची वही

मंडल हा शब्द आपल्याला परका नाही. ऋग्वेदाची मंडलं दहा, गल्लीतलं गणेश मंडळ एक. शब्दाचा मूळ अर्थ वर्तुळ. वज्रयान बौद्ध परंपरेत मंडल म्हणजे एका देवतेचा महाल, जणू वरून पाहिलेला. तिबेटी भिक्खू रंगीत वाळूनं ते दिवसचे दिवस भरत राहतात, विधी संपला की झाडून गोळा करतात आणि वाळू वाहत्या पाण्यात सोडतात. यात कुणाच्या आवडीनिवडीला जागा नसते. मध्य आणि चार दिशा, त्यांचे पाच बुद्ध, त्यांचे पाच रंग, सगळं शास्त्रानं ठरलेलं. भिक्खूनं ते पाठ करायचं आणि अचूक उतरवायचं.

स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ कार्ल गुस्ताव युंग यांनी आपलं पहिलं मंडल १९१६ साली रंगवलं. पहिल्या महायुद्धाच्या शेवटच्या काळात ते शातो-दे या गावी लष्करी कामावर होते. तिथे ठेवलेल्या ब्रिटिश युद्धकैद्यांच्या छावणीची जबाबदारी त्यांच्याकडे होती. आपण तिथे रोज सकाळी वहीत एक छोटं गोल चित्र काढत होतो, असं त्यांनी आठवणींत सांगितलं आहे. आज आपल्या आत काय चाललं आहे ते त्या चित्रात दिसतं, असं त्यांच्या ध्यानात येत गेलं. एकदा एका ओळखीच्या बाईंचं त्रासदायक पत्र आलं. दुसऱ्या दिवशीच्या चित्रात वर्तुळाची कड एका बाजूला फुटलेली होती आणि सममिती मोडलेली होती.

ही फुटलेली कड लक्षात ठेवा. युंगच्या मंडलात काहीच छापील नव्हतं. वर्तुळ त्याचं, रेषा त्याच्या, रंग त्याचे, म्हणून ते मोडूही शकत होतं. १९२९ साली चीनविषयीचे अभ्यासक रिचर्ड विल्हेल्म यांच्यासोबत युंगनी एका जुन्या चिनी ग्रंथाचं जर्मन भाषांतर आपल्या विवेचनासह प्रसिद्ध केलं आणि मंडल हा शब्द युरोपच्या मानसशास्त्रात रुळू लागला. त्या काळातली त्यांची चित्रं असलेलं ‘रेड बुक’ मात्र छापून यायला २००९ साल उजाडलं.

म्हणजे एका टोकाला सगळं ठरलेलं वाळूचं मंडल, दुसऱ्या टोकाला सगळं मोकळं असलेलं युंगचं मंडल. आपण विकत घेतो ते या दोन्हींच्या मधलं तिसरंच: रेषा ठरलेल्या, रंग मोकळे. हे तिसरं मंडल घडवण्यात रूडिगर डाल्के या जर्मन डॉक्टरांचा मोठा वाटा आहे. १९८५ साली त्यांचं ‘मंडलाज देअर वेल्ट’ आलं, म्हणजे जगातली मंडलं. चर्चच्या गोल खिडक्यांपासून आशियातल्या यंत्रांपर्यंतची वर्तुळं रेषांत काढलेली, रंगवण्यासाठी आणि ध्यानासाठी. पुढे जर्मन बोलणाऱ्या देशांत मंडल रंगवणं बालवाडीपर्यंत पोचलं. युंगची एकांतातली वही आता झेरॉक्स मारून वाटता येत होती.

एका वर्षात बारा पट

मोठी लाट आली ती स्मार्टफोनच्या काळात. २०१२ साली फ्रान्समध्ये आशेत या प्रकाशनसंस्थेनं ताण घालवणारी शंभर चित्रं असं सांगत पुस्तक काढलं. २०१३ साली स्कॉटलंडची चित्रकार जोहाना बॅसफर्ड हिचं ‘सीक्रेट गार्डन’ आलं. प्रकाशकानं तिला मुलांसाठी रंगवायचं पुस्तक मागितलं होतं, तिनं मोठ्यांसाठी करू या म्हणून सुचवलं. ते जगभर लाखोंनी खपलं. नील्सन बुकस्कॅनच्या अंदाजानुसार अमेरिकेत २०१४ मध्ये अशी दहा लाख पुस्तकं विकली गेली होती, २०१५ मध्ये एक कोटी वीस लाख. २०१६ मध्ये जर्मनीत फाबर-कास्टेलला रंगपेन्सिलींसाठी जादा पाळ्या लावाव्या लागल्या, अशा बातम्या झळकल्या.

पण बॅसफर्डच्या बागेत पानागणिक शेकडो बारीक पाकळ्या आहेत. बघायला सुंदर, रंगवायला कष्टाच्या. अनेकांची पुस्तकं पहिल्या चार पानांवरच थांबली असणार, हे सांगायला सर्वेक्षण नको, आपल्या नातेवाइकांची कपाटं पुरेत. अलीकडे ‘ठळक आणि सोपं’ असं लिहिलेल्या पुस्तकांची चलती आहे, ती या दमणुकीवरची प्रतिक्रिया आहे असं मला वाटतं.

ताण खरंच उतरतो का?

२००५ साली अमेरिकेत नॅन्सी करी आणि टिम कॅसर या दोन संशोधकांनी हे तपासलं. ८४ विद्यार्थ्यांना आधी स्वतःच्या भीतीच्या एका प्रसंगाविषयी लिहायला लावलं, म्हणजे अस्वस्थता वाढेल. मग तीन गट केले. एकाला छापील मंडल दिलं, दुसऱ्याला लुंगीवर असतात तशा आडव्या-उभ्या चौकड्या, तिसऱ्याला कोरा कागद. रंगवून झाल्यावर मंडलवाल्यांची अस्वस्थता उतरली. चौकड्यावाल्यांचीही जवळजवळ तितकीच उतरली. कोऱ्या कागदाला हे जमलं नाही.

२०१२ साली रेने व्हॅन डर व्हेनेट आणि सुझन सेरिस यांनी ५० जणांवर हाच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा मंडल चौकड्यांपेक्षाही सरस ठरलं. दोन लहान प्रयोग, दोन वेगळी उत्तरं. यातून मंडलात काही गूढ शक्ती आहे असं सिद्ध होत नाही आणि रंगवणं म्हणजे उपचार असंही नाही. कलोपचार प्रशिक्षित माणसाकडून घेतात. झोप किंवा जीव महिनोन्‌महिने थाऱ्यावर नसेल तर डॉक्टरकडेच जायचं. पण एक गोष्ट दोन्ही वेळा दिसली: अस्वस्थ माणसाला कोरा कागद मंडलाइतका मानवला नाही. त्याला हाताला धरायला काहीतरी आखलेलं हवं होतं.

चाळीस घरं, पाच निर्णय

आता हिशेब करून बघू. आठ पाकळ्यांचं आणि पाच वलयांचं साधं मंडल घ्या. रंगवायची घरं चाळीस. पण एका वलयाला एक रंग असं ठरवलं की निर्णय फक्त पाच. बाकी पस्तीस वेळा हात चालतो, डोकं नाही. आता चोवीस पाकळ्यांचं, बारा वलयांचं मंडल घ्या. घरं २८८. निर्णय बाराच, पण घर इतकं बारीक की हात आणि डोळे दमतात. आणि बागेचं किंवा जंगलाचं चित्र घेतलं तर सममिती नाही, त्यामुळे प्रत्येक पानाफुलाला नवा निर्णय. मंडल सोपं का वाटतं आणि सगळीच मंडलं सोपी का नसतात, हे या आकडेमोडीत आहे. ‘सोपं’ म्हणजे बाळबोध नव्हे. सोपं म्हणजे निर्णय थोडे आणि घरं हाताला झेपतील एवढी.

हा हिशेब मी केला तो आईसाठी. आई निवृत्त शिक्षिका. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले आणि तिची झोप तुटली. रात्री दोन-अडीचला उठून बसते. मलाही नोकरीत आळीपाळीनं रात्रीची जबाबदारी असते, सर्व्हर पडला की फोन वाजतो, त्यामुळे पुष्कळदा आम्ही दोघी एकाच वेळी जाग्या असतो, ती तिच्या खोलीत, मी माझ्या. परदेशातल्या मामेभावानं तिला रंगवायचं एक देखणं पुस्तक पाठवलं होतं, घनदाट जंगलाचं. तिनं चष्मा लावून दोन पानं उलटली आणि म्हणाली, “अगं, हे रंगवायचं की मुंग्या मोजायच्या?” पुस्तक टीव्हीखालच्या कप्प्यात गेलं.

मग पुस्तक शोधताना मी जे पाहिलं ते तुम्हालाही उपयोगी पडेल. पहिलं, सगळ्यांत लहान घर. ते करंगळीच्या नखाहून लहान असेल तर पन्नाशीपुढच्या डोळ्यांसाठी पुस्तक सोपं नाही, मुखपृष्ठ काहीही म्हणो. अ‍ॅपवर आतल्या पानांचे फोटो नसतील तर ते पुस्तक सोडून द्या. दुसरं, रेषेची जाडी. मिलिमीटरभर जाड रेषा हात थोडा हलला तरी सांभाळून घेते. केसासारखी रेषा प्रत्येक चूक दाखवते. तिसरं, पाठकोरी पानं. पाठपोट छपाई असली की एका बाजूचा रंग दुसऱ्या बाजूचं चित्र बिघडवतो. चौथं, बांधणी. मंडलाचा एक भाग शिवणीत गेला तर तिथे पेन्सिल पोचत नाही. स्पायरल किंवा फाडून घ्यायची पानं बरी. पाचवं, बंद रेषा. मागणीनुसार छापलेल्या स्वस्त पुस्तकांत कधी कधी रेषा अर्धवट तुटलेल्या असतात, कारण ती चित्रं कुणी हातानं काढलेलीच नसतात.

ते बनवणं किती सोपं आहे हे मला माहीत आहे. एक पाकळी काढायची, ४५ अंशांनी फिरवत आठ वेळा ठेवायची, झालं वलय. दहा-पंधरा ओळींच्या प्रोग्रॅममध्ये मंडल तयार होतं. आईसाठी पहिली सहा पानं मी अशीच छापून घेतली, घरं मोठी, रेषा जाड. विकत घेण्याआधी तुम्हीही एखादं मोफत चित्र ए-४ कागदावर छापून घ्या. एक पान पूर्ण होतंय का बघा, मग पुस्तक.

पेटीत काय असावं

सामानाचा इतिहासही आपल्याला हेच सांगतो: प्रत्येक शोधानं एक अडचण काढली आणि एक नवी आणली.

रंगपेन्सिलींपासून सुरुवात करा. ग्रॅफाइटच्या पेन्सिलीचं शिसं भट्टीत भाजतात, रंगपेन्सिलीचं भाजत नाहीत. ते रंगद्रव्य, भरणी आणि मेण किंवा तेल यांचं मिश्रण असतं. म्हणून ते मऊ असतं आणि पेन्सिल खाली पडली की आतल्या आत तुटतं. फाबर-कास्टेलच्या पॉलिक्रोमोस पेन्सिली १९०८ साली साठ छटांत आल्या आणि त्या तेलाच्या आधारावरच्या. अशा पेन्सिलीचं टोक टिकतं, बारीक घरांना बरं. मेणाच्या पेन्सिली अधिक मऊ, मोठं घर भराभर भरतं. कधी कधी वर पांढुरकी साय येते, ती मऊ फडक्यानं पुसता येते. शाळेच्या स्वस्त पेन्सिलींत रंगद्रव्य कमी आणि शिसं कडक, त्यामुळे दाबून घासावं लागतं आणि मनगट भरून येतं. बोटं आखडत असतील तर जाड किंवा तिकोनी पेन्सिल घ्या.

स्केचपेनांचा पूर्वज जपानचा. १९६२ साली पेंटेलच्या युकिओ होरिए यांनी तंतूंच्या टोकाचं पेन आणलं. दाबायला नको, रंग लख्ख. पण पाण्याची शाई एकाच जागी पुन्हा पुन्हा फिरवली की कागदाचा लगदा सुटतो. अल्कोहोलच्या शाईचे मार्कर, उदाहरणार्थ १९८७ साली जपानमध्ये आलेले कॉपिक, सपाट देखणा रंग देतात, पण कागदातून आरपार जातात. ते वापरायचे तर पानाखाली जाड कागद ठेवायलाच हवा. जेलपेनं साकुरा या जपानी कंपनीनं १९८४ साली बाजारात आणली. ठिपके आणि बारीक कडा यांना छान, मोठ्या घरांना नाही. वाळायला वेळ लागतो, त्यामुळे डावखुऱ्यांनी जपून.

कागदावर जीएसएम लिहिलेलं असतं, म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. झेरॉक्सचा कागद ७० ते ८०चा असतो. पेन्सिलींना तो चालतो. स्केचपेनं वापरायची असतील तर १२०च्या पुढचा बघा. फार गुळगुळीत कागदावर पेन्सिल घसरते, किंचित खरखर हवी.

आणि रंग किती? बारा पुष्कळ झाले, चोवीस म्हणजे चैन. एकशेवीसची पेटी उघडली की प्रत्येक घराआधी पुन्हा निवड आली, आणि निवडीनंच तर आपण दमलेलो असतो. सुरू करण्याआधी चार-पाच पेन्सिली बाजूला काढा आणि पेटी बंद करा.

आपल्याकडचं वर्तुळ

मराठी घरांत रंगवणं थांबतं ते बहुधा आठवी-नववीत. १९३१ साली मुंबईत दिगंबर परशुराम दांडेकर यांनी भाऊ गोविंद यांच्यासह शाई बनवायला सुरुवात केली. त्यातून उभ्या राहिलेल्या कॅमलिननं पुढे कित्येक पिढ्यांच्या दप्तरात रंगपेटी पोचवली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांनी त्या पेटीला श्रेणी जोडली. श्रेणी मिळाली की पेटी माळ्यावर. रंग रेषेबाहेर जाता कामा नये, हे मात्र हातात कायमचं राहून गेलं.

रांगोळीचं तसं झालं नाही. ठिपक्यांच्या रांगोळीत सात ओळी, सात ठिपके एवढं आधी ठरतं, मग हात आपोआप वळत जातो. शिरगोळ्याची पूड, चिमूटभर रंग, आणि दुसऱ्या दिवशी केरसुणी. जपून ठेवायचं नाही, मार्क मिळवायचे नाहीत. दिवाळीत मिळणाऱ्या रांगोळीच्या पातळ पुस्तिका म्हणजे थोडं आखून देणारी, बाकी आपल्यावर सोडणारी पुस्तकंच आहेत. पण वाकून बसायला गुडघे साथ देत नाहीत अशा वयात रांगोळी सुटते. आईचीही सुटली. टेबलावरचं कागदी मंडल तिच्या हाताला लगेच ओळखीचं वाटलं, ते त्यामुळे असावं.

ती रात्री एक वलय करते, जास्त नाही. झोप लागते का? कधी लागते, कधी नाही. डॉक्टरांची गोळी चालू आहे. पण अडीच वाजता करायला काहीतरी आहे, जे चुकलं तरी कुणाचं काही बिघडत नाही. कामाचा फोन वाजून मी उठते तेव्हा पुष्कळदा स्वयंपाकघरात दिवा असतो, मग मीही लॅपटॉप घेऊन तिथेच बसते. एका पानावर तिनं निळ्या वलयातली एक पाकळी तपकिरी केली आहे. मी विचारलं तर म्हणाली, “निळी संपली नव्हती. वाटलं म्हणून केली.”

रेषा छापील असल्या तरी वर्तुळ मोडायची जागा रंगात शिल्लक राहते. तेवढी मोकळीक देणारं आणि त्यापेक्षा जास्त काही न मागणारं पुस्तक निवडा. कुणासाठी घेत असाल तर आधी त्यांचा चष्म्याचा नंबर विचारा.